दहा उड्या

"याला खिसा म्हणायचं?" गणिताच्या बाईंनी शॉर्ट्सच्या कमरपट्टीत दोन बोटं घातली. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि अडली. "यात मी ठेवू काय, टाचणी?"

काउंटरवरच्या मुलीला हसू आलं. दुकान खेळाच्या कपड्यांचं होतं आणि हा प्रश्न तिथे दिवसातून चारदा तरी ऐकू यायचा. तिने मान मागच्या बोळकांडीकडे वळवली. कपडे घालून बघायच्या तीन खोल्या होत्या, त्यांच्यासमोर शिवणाचं मशीन, आणि मशीनमागे मावशी.

"मावशींना विचारा," ती म्हणाली. "खिशाचं खातं त्यांच्याकडे."

मावशीने मान वर केली नाही. एका पॅंटची दुमड उसवत होती, ती उसवत राहिली.

बावीस वर्षं ती त्या मशीनमागे बसत होती. खरं काम तिचं साधं: लांबी कमी कर, नाडी बदल, सैल झालेलं इलॅस्टिक काढून नवीन घाल. पण तिचं नाव झालं ते खिशांमुळे. बायकांच्या कपड्याला खिसा द्यायचा म्हटलं की कंपनीवाल्यांच्या हाताला लकवा भरतो. पुरुषाच्या चड्डीला चार खिसे, त्यात एक चोरखिसा. बाईच्या चड्डीला खिशाची नुसती रेघ. जणू बाई घराबाहेर पडते ती किल्ली, फोन, सुटे पैसे सगळं नवऱ्याच्या हवाली करून. धावायला निघालेल्या बायका मग किल्ली बुटात घालायच्या, नोट अंतर्वस्त्रात, फोन हातात. मावशीने एकीला खिसा लावून दिला, तिने दुसरीला सांगितलं, आणि बघता बघता ही बाई 'खिसेवाल्या मावशी' होऊन बसली.

तिची रीतही ठरलेली होती. माप नंतर, आधी प्रश्न: ठेवणार काय? या एका प्रश्नावर बायका जे सांगायच्या ते त्यांच्या घरच्यांनीही ऐकलं नसेल. कुणाला दम्याचा पंप ठेवायचा असे. एकीला चिमूटभर तंबाखू ठेवायची होती, सासूच्या चोरून. एकीने मेलेल्या नवऱ्याचं घड्याळ काढून दाखवलं होतं. जी वस्तू असेल ती मावशी त्या खिशात घालायला लावायची आणि बोळकांडीत दहा उड्या मारायला सांगायची. दहा म्हणजे दहा. वस्तू जागची हलली तर खिसा उसवून पुन्हा. मालक कुरकुरायचे, "मावशी, गिऱ्हाईक आहे ते, बेडूक नाही." पण मावशीने लावलेल्या खिशातून आजवर काही पडलं नव्हतं.

आणि आता सात आठवडे झाले, तिने एकही खिसा लावला नव्हता. तिचे हात थरथरत होते. दोरा सुईच्या भोकाशी जायचा आणि डावीकडून उजवीकडे हिंडत राहायचा. मालक माणूस वाईट नव्हता. घरात माणूस गेलंय, सावरेल, म्हणून त्याने बारीक काम बाहेर द्यायला सुरुवात केली होती. पण तोही किती दिवस बघणार?

"खिसे बंद केलेत मी," मावशी म्हणाली. "तयार खिशाची घ्या ना एखादी. ढीग आहेत."

"ढीग?" बाईंनी आधीच्या दुकानांतून घेतलेल्या तीन शॉर्ट्स पिशवीतून काढून मशीनवर टाकल्या. तिशीच्या असतील. आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायला शिकलेला. "तिसरं दुकान आहे हे, मावशी. ही निळी, उभी राहिले की मापात. चार पावलं पळाले की मांड्यांवरून गुंडाळत वर. शाळेतल्या मुलांचे आईबाप असतात त्या रस्त्याला, मी पळू का चड्डी ओढू? ही काळी, आतलं अस्तर असं की परवा घरी जाऊन पावडर लावावी लागली. आणि हिला खिसा आहे, खरा आहे, पण फोन घातला की दर पावलाला मांडीवर थप्पड. बारा मिनिटांत साडेसातशे थपडा. मी मोजल्या."

काउंटरवरची मुलगी खुदकन हसली. मावशी हसली नाही, पण तिचा हात काळ्या शॉर्ट्सकडे गेला. सवय ती सवय. तिने आतलं अस्तर उलटं केलं, शिवणीवर अंगठा फिरवला.

"शिवण मांडीच्या मधोमध आणलीय मेल्यांनी," ती पुटपुटली. "सोलणारच." मग निळी ताणून बघितली, बाजूला टाकली. "उभ्याने घेता तुम्ही. शॉर्ट्स उभ्याने घ्यायची नसते. घालून उकिडवं बसायचं, एक पाय खुर्चीवर ठेवायचा, मग कळतं कुठे धरते ते. ती राखाडी आण गं, रुंद पट्टीची."

काउंटरवरच्या मुलीने राखाडी आणून दिली. सात आठवड्यांत मावशी एका दमात एवढं बोलली नव्हती. ती मुलगी मालकांकडे बघू लागली आणि मालक छताकडे.

बाई राखाडी शॉर्ट्स घालून बाहेर आल्या. उकिडव्या बसल्या, उठल्या, पाय खुर्चीवर ठेवला. चेहरा बदलला. "अंगावर काही आहे असं वाटतच नाही."

"मांडीवरचा घट्ट खिसा फोनचा. त्यात घातलात तर थप्पड नाही बसणार. किल्ली कमरेच्या त्या टाचणीच्या खिशात. झालं."

"तिसरी वस्तू आहे एक."

विचारायचं नाही असं मावशीने ठरवलं होतं. पण बावीस वर्षांचं तोंड ते. "ठेवणार काय?"

बाईंनी पर्समधून शिट्टी काढली. खेळाच्या सरांची असते तशी, लोखंडी.

"कालव्याच्या वाटेवर धावते मी, सकाळी सहाला. एक माणूस असतो तिथे. काही करत नाही, मागे मागे चालतो. मी वेग वाढवला की तोही वाढवतो. पूर्वी चार लोक असायचे तिथे. आता शुकशुकाट. ती मुलगी पडली ना तिथे, तेव्हापासून कोणी फिरकत नाही."

मावशीने शिट्टी हातात घेतली होती. ती तशीच धरून राहिली.

"आमच्याच शाळेची ती," बाई सांगत होत्या. त्यांना काय ठाऊक, आपण कोणाशी बोलतोय. "मी यायच्या आधीची. चांगली धावायची म्हणे. लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इंजेक्शन. पळताना साखर खाली जायची, म्हणून गोळ्या जवळ ठेवायला लागायच्या, नुसत्या साखरेच्या गोळ्या. त्याच घरी विसरली. एवढीशी गोष्ट. आमचे मुख्याध्यापक आता दर सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांना तिचंच उदाहरण देतात. निष्काळजीपणा किती महागात पडतो बघा, म्हणतात."

"दर सोमवारी?" मावशीने विचारलं.

"दर सोमवारी. नाव घेऊन."

मावशी उठली. मग बसली. काउंटरवरची मुलगी बाईंना डोळ्यांनी खुणा करत होती, पण उशीर झाला होता.

"विसरली नव्हती ती," मावशी म्हणाली.

---

तिचं घरातलं नाव भिंगरी. मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर सहा वर्षांची. बाप बसच्या डेपोत मेकॅनिक, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. मग भिंगरी अर्धी बापाकडे वाढली आणि अर्धी मावशीच्या मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगात. मावशीचं लग्न झालं नाही. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "मुलगी आयती मिळाली, नवरा कशाला पोसू?"

नवव्या वर्षी आजार निघाला. सुई टोचायला मावशीच शिकली, सुईशी तिचं आधीपासून नातं होतं. तेराव्या वर्षी पोर पळायला लागली आणि बापाच्या जिवाला घोर लागला. "गोळ्या घेतल्यास?" हा त्या घरातला पहिला आणि शेवटचा प्रश्न होता. दार उघडताना, दार लावताना, जिन्यावरून खाली वाकून: गोळ्या घेतल्यास? आणि खालून भिंगरी ओरडायची, "घेतल्या हो, घेतल्या." खरं तर दोनदा विसरली होती ती, एकदा शाळेत आणि एकदा शर्यतीत. बापाने ते दोन प्रसंग जन्मभर लक्षात ठेवले.

एकोणीस पुरी झाली तेव्हा मावशीने तिला शॉर्ट्स दिली. दुकानातली सगळ्यांत चांगली, हलकी, गर्द हिरवी. आणि तिला खिसा लावला. आयुष्यात तिने तसा खिसा लावला नव्हता. जागा निवडली मागे, कण्याच्या खळगीत, कारण धावताना अंगाचा तोच भाग सगळ्यांत कमी हलतो. तोंडाला बारीक चेन. चेनवर कापडाची झडप, म्हणजे घाम आत जायला नको आणि बाहेरून दिसायला नको. चार गोळ्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालून आत ठेवल्या आणि भिंगरीला बोळकांडीत उभं केलं.

"दहा."

भिंगरीने वीस मारल्या. मग कोलांटी मारली, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. पुडी तसूभर हलली नाही.

"आता भूकंप झाला तरी पडायच्या नाहीत," मावशी म्हणाली होती.

"एकच आहे, मावशी. चेनचं ते लोंबतं टोक वाजतं. पळताना किणकिण किणकिण, डोक्यात जातं आणि टोचतंही."

मावशीने पक्कड घेतली आणि ते टोक कापून टाकलं. मागे उरला तांदळाएवढा लोखंडाचा तुकडा. बोटांच्या टोकांत धरला की चेन सरकायची. मावशीने स्वतः सरकवून बघितली, दोनदा. झडपेखाली, न बघता, पाठीमागे हात नेऊनही बघितली. तिच्या हाताला काहीच जड गेलं नाही. शिवणारणीचा हात तो, तांदळाएवढं धरण्यात त्याचा जन्म गेलेला.

सात आठवड्यांपूर्वीच्या एका सकाळी भिंगरी कालव्याच्या पायरीवर सापडली. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या म्हाताऱ्याने बघितली, तोवर तास झाला होता. दोन दिवस इस्पितळात होती, शुद्धीवर आली नाही. डॉक्टरांनी बापाला विचारलं, जवळ साखर नव्हती? बापाने वॉर्डातल्या माणसाला विचारलं. त्याने सांगितलं, हातात नव्हती, खिशातही काही सापडलं नाही. झडपेखालचा खिसा त्याला दिसणार कसा, दिसू नये म्हणूनच तर तो तिथे होता. बाप भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "विसरली. शेवटी विसरलीच."

बूट बापाच्या हातात दिले. कपड्यांची पिशवी मावशीने सही करून घेतली.

घरी येऊन तिने ती उघडली. झडप उचलली. चेन बंद होती. आत चार गोळ्या, पुडीत, जशाच्या तशा.

आणि खिशाच्या भोवतालचं कापड. कापड वाचण्यावर मावशीचं पोट होतं. ती हे वाचणार नाही असं कसं होईल. उजव्या हाताने आधी प्रयत्न झाला होता, धागे तिरके उजवीकडे ओढले गेले होते. मग डाव्या हाताने. मग दोन्ही. झडपेचा एक कोपरा नखांनी निघत आला होता. चेनच्या शेजारी एक भोक पडलं होतं, बोटभर कापड कुरतडल्यासारखं. साखर खाली गेली की हात कसे होतात हे मावशीला पाठ होतं. तिने ते दहा वर्षं आपल्या हातात धरले होते, पिसासारखे थरथरणारे, घामाने निसरडे, साधा ग्लास न धरता येणारे. ते सगळं तिला ठाऊक होतं. आणि तरी तिने त्या हातांना तांदळाएवढं टोक दिलं होतं.

दहा उड्या मारून तिने बघितलं होतं की वस्तू बाहेर पडत नाही. वस्तू बाहेर काढता येते का, हे बावीस वर्षांत एकदाही तिने कोणाला करून बघायला लावलं नव्हतं.

तिने कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. हिच्या झाकल्या मुठीत साखरेच्या चार गोळ्या होत्या. बाप येईल-जाईल त्याला सांगत होता, वेंधळी होती, एवढं कानीकपाळी ओरडून शेवटी विसरली. शेजारी मान हलवत होते. मावशी बाजूला बसून ऐकत होती. मेलेल्या पोरीला काय फरक पडतो, असं ती स्वतःला समजावायची, आणि खाई त्याला खवखवे, रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. आता कळत होतं, फरक पडत होता. दर सोमवारी, नाव घेऊन.

---

"खिशात होत्या गोळ्या," मावशी म्हणाली. "तो खिसा मी लावला होता. तिला उघडता आला नाही."

मालक काउंटरमागून बाहेर आले आणि अर्ध्यात थांबले. गणिताच्या बाई राखाडी शॉर्ट्समध्ये अनवाणी उभ्या होत्या. त्यांचा हात तोंडाशी गेला होता.

"तुमची कोण ती?" त्यांनी हळू विचारलं.

"बहिणीची मुलगी."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"कुणालाच नाही. आज पहिल्यांदा बोलले." मावशीने मशीनवर ठेवलेल्या हातांकडे बघितलं. ते थरथरत होते. शिट्टी त्यांत किंचित वाजत होती, आतला लहान गोळा इकडून तिकडे. "तो माणूस मागे लागला की तुझे हात कसे होतात?"

ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली हे दोघींनाही कळलं नाही.

बाईंनी थोडा विचार केला. "परवा तो फारच जवळ आला होता. घरी आले, तर किल्ली कुलपात जाईना. खाली पडली दोनदा."

"मग असेच," मावशी म्हणाली आणि हात पुढे केले. "काढ ती शॉर्ट्स. साडी-पॅंट, काय आहे ते घालून बस तिथे. वेळ लागेल."

वेळ लागला. दोरा काउंटरवरच्या मुलीने ओवून दिला. बाकी मावशीने केलं. टिपा सरळ येत नव्हत्या, हात दर वितीला थांबवून, दुसऱ्या हाताने मनगट दाबून ती पुढे सरकत होती. खिसा तिने मागे नाही, उजव्या कुशीवर घेतला, जिथे लोंबता हात आपोआप पोचतो. चेन नाही, बटण नाही. उशीच्या अभ्र्याला असते तशी कापडावर कापड चढलेली तोंडाची घडी, पूर्ण पंजा आत जाईल एवढी.

बाईंनी शॉर्ट्स घातली, शिट्टी आत टाकली आणि कोणी न सांगता दहा उड्या मारल्या. गणिताच्या बाई, मोजून मारल्या. शिट्टी जागेवर होती.

"झालं?"

"नाही. उभी राहा."

मावशी मशीनमागून बाहेर आली. बाईंच्या मागे उभी राहिली आणि डोळे मिटले. आपला उजवा हात, थरथरत होता तसाच, सोडून दिला त्या कुशीकडे. तो घडीवर आपटला, सरकला, कापडाच्या वरच्या पदरात अडकला. दोन-तीन वेळा धडपडला.

"नाही निघत," ती म्हणाली. "काढ. उसवते."

घडी रुंद केली. पुन्हा दहा उड्या. पुन्हा डोळे मिटून तो हात. या वेळी बोटं आत गेली पण शिट्टी हातातून निसटली. पुन्हा उसवलं आणि शिट्टीला जाड नाडीचा फास केला, अंगठा अडकेल एवढा. मालकांनी एका गिऱ्हाइकाला दारातूनच, उद्या या, असं सांगितलं. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला हात आत गेला आणि अंगठ्याला फास लागला. शिट्टी बाहेर आली. मावशीने डोळे उघडून ती बघितली. मग डाव्या हाताने केलं. मग भिंतीकडे तोंड करून, मग बसून. दर वेळी आली.

"आता घे," ती म्हणाली.

बाईंनी कपडे बदलले. निघताना त्या मशीनपाशी रेंगाळल्या. "सोमवारी मी सांगेन शाळेत. मुख्याध्यापकांना आणि मुलांनाही. त्याच जागेवर उभी राहून."

"सांग. पण सोमवारी. त्याआधी मला एका ठिकाणी जायचंय." मावशीने टेबलाच्या खणातून, दोऱ्यांच्या रिळांखालून, एक पिशवी काढली. "बापाने हे शाळेकडून ऐकायला नको."

---

भाऊजींचं घर तिसऱ्या मजल्यावर. दाराबाहेर, जिन्याच्या फरशीवर, बूट होते. सात आठवडे तिथेच होते, कालव्याची माती वाळून पांढरी झालेली. त्यांना ते घरात आणवत नव्हते आणि टाकवतही नव्हते. झाडणारी बाई त्यांच्या बाजूबाजूने केरसुणी फिरवायची. डावा किंचित कलंडलेला होता, उजव्याला टेकून.

"ये," भाऊजी म्हणाले. नुकते डेपोतून आले होते, बोटांच्या रेषांत तेल होतं. "चहा टाकतो."

"नको. बसा तुम्ही."

तिने पिशवीतून हिरवी शॉर्ट्स काढून टेबलावर ठेवली. भाऊजींनी मान फिरवली.

"हे कशाला आणलंस? मला नाही बघायचं. इतकं सांगायचो मी तिला. इतकं. जिन्यावरून घसा फोडून..."

"मागे झडप आहे एक. तिच्याखाली खिसा आहे. उघडा."

"काय आहे त्यात?"

"उघडा, भाऊजी."

त्यांनी जवळ ओढली. झडप वर केली. त्यांची बोटं जाड, इंजिनाचे नट फिरवणारी. तांदळाएवढं ते टोक त्यांच्या चिमटीत येईना. दोनदा निसटलं. त्यांनी सवयीने हात मागे नेला, खुर्चीवर टांगलेल्या पिशवीतली पक्कड काढली, टोकाला लावली. आणि थांबले. भोवतालचे ओढलेले धागे त्यांना आता दिसले होते. त्या भोकात त्यांचं करंगळीचं टोक गेलं.

त्यांनी पक्कड बाजूला ठेवली.

"तिच्याकडे पक्कड कुठे होती," ते म्हणाले.

नखाने, घाम पुसत पुसत, त्यांनी ती चेन उघडली. किती वेळ लागला हे मावशीने बघितलं नाही, ती खिडकीकडे बघत होती. पुडी टेबलावर पडल्याचा आवाज आला. आतल्या गोळ्या दमटपणाने एकमेकींना चिकटल्या होत्या, तरी मोजता येत होत्या.

"चार," भाऊजी म्हणाले.

"चारच न्यायची ती."

"विसरली नव्हती."

"नाही. ते टोक मी कापलं होतं, भाऊजी. वाजतं म्हणाली म्हणून. माझा खिसा तिला उघडता आला नाही."

भाऊजींनी शॉर्ट्स उजेडाकडे धरली. ते त्या धाग्यांवरून बोट फिरवत होते, आधी उजवीकडून, मग डावीकडून.

"तुला कधी कळलं हे?"

"पहिल्याच दिवशी. इस्पितळातून पिशवी आणली तेव्हा."

"म्हणजे मी तिला बोल लावत होतो, वेंधळी म्हणत होतो, लोकांसमोर..." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तू तिथेच बसलेली असायचीस."

"हो."

"ऐकत."

"हो."

त्यांनी मान हलवली, काहीतरी हिशेब लागल्यासारखी. डोळे कोरडे होते. मावशीला वाटलं, ओरडतील, हात उगारतील, हाकलून देतील. यातलं काहीही चाललं असतं तिला.

"तू जा आता," भाऊजी म्हणाले.

ती उठली. दार ओढून घेतलं आणि कठड्याला धरून जिना उतरू लागली.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असताना वर कडी वाजली. ती जागीच थांबली. बोलावतील, असं वाटलं. शिव्या द्यायला का होईना, हाक मारतील. एक पाय खालच्या पायरीवर, एक वरच्या, अशी ती कान देऊन उभी राहिली.

हाक आली नाही. म्हातारे होत चाललेले गुडघे वाकल्याचा आवाज आला. वाळक्या मातीचे खडे फरशीवर पडून दोन पायऱ्या खाली घरंगळले. मग दार लागलं आणि आतून कडी बसली.

मावशी काही पायऱ्या पुन्हा वर चढली आणि तिने कठड्याच्या गजांमधून बघितलं. दाराबाहेर बूट नव्हते. केरसुणी जिथे सात आठवडे पोचली नव्हती, तिथे धुळीत दोन पावलांएवढी जागा स्वच्छ होती, डावी किंचित कललेली.